दादाचा फोन माझ्या तोंडाने उघडला

चतुर्थीला चुलतभाऊ मुंबईहून आला. त्याचा फोन पडवीत चार्जिंगला लावलेला होता. वाजला म्हणून उचलला, कोणाचा ते बघायला समोर धरला, तर लॉकच उघडला. पोरांना खेळ मिळाला. दहा वेळा धरला, त्यात सातआठ वेळा उघडला. वहिनी मात्र हसली नाही. "बँकपण त्याच फोनात आसा," एवढंच म्हणाली.

आमच्या घराण्याचं नाक एकच, आणि वाडीला त्याची सवय आहे. खालच्या घरातली आजी मला बघून दरवेळी विचारते, "मुंबैसून कधी इलंस?" मी म्हणतो, "गे आजी, मी धाकट्याचो." "मेल्या, आधी सांगूक काय झाला?" की संपलं. वर हातावर नारळाची वडी.

दादाची सासुरवाडी राजापूर तालुक्यातली. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणाला विरोध करत माणसं उन्हात बसली, तेव्हा हाही सासऱ्यांसोबत दोन दिवस तिथे होता. पाण्याच्या बाटल्या वाटल्या, बाकी काही नाही. पण कॅमेरे काय कमी होते? चॅनेलवाले, ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल. त्यातला एखादा फोटो उद्या कोणी चेहरा ओळखणाऱ्या यंत्रात घातला, तर नाव त्याचं निघेल की माझं? मी त्या दिवसांत देवगडला बागेत आंब्याच्या पेट्या भरत होतो. साक्षीला कोण, तर हापूस.

गंमत सोडा. दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखायचं हे तंत्र आणलं ते हरवलेली मुलं शोधायला. त्याला कोण नाही म्हणेल? पण २०१८ मध्ये उच्च न्यायालयात त्याची अचूकता सांगितली गेली ती २ टक्के. तरी पुढे तेच दंगलीच्या तपासात वापरलं. २०२२ मध्ये माहिती अधिकारात उत्तर आलं, की ८० टक्के जुळलं तर ओळख पटली असं धरतो. त्याखाली आलं तरी माणूस लगेच सुटत नाही, पुढे तपास होऊ शकतो. ८० टक्के! आमच्या पडवीत तेवढे सहज जुळतात.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये रॉबर्ट विल्यम्सला त्याच्या घराच्या अंगणात, बायको आणि दोन लहान मुलींसमोर बेड्या घातल्या. घड्याळं चोरल्याचा आरोप. दुकानाच्या कॅमेऱ्यातलं धूसर चित्र त्याच्या लायसन्सच्या जुन्या फोटोशी यंत्राने जुळवलं होतं. चौकशीत त्याने ते चित्र उचलून आपल्या तोंडाशेजारी धरलं. तोवर एक रात्र कोठडीत गेली होती. २०२४ मध्ये ३ लाख डॉलर भरपाई मिळाली, आणि नुसत्या यंत्राच्या सांगण्यावरून अटक करायची नाही असं तिथल्या पोलिसांना कबूल करावं लागलं. आजीला जे मी दारात उभा राहून एका वाक्यात सांगतो, ते सांगायला त्याला चार वर्षं आणि वकील लागले. आमच्यातला कोण वकील करणार? कुडाळला जाऊन यायचं तर दिवस मोडतो.

आणि हे सगळं लांबचं आहे असंही नाही. जुलै २०२५ पासून अंगणवाडीचा घरपोच आहार घ्यायला चेहरा दाखवावा लागतो. बाळ सव्वा वर्षाचं, म्हणून आमची ही गेली. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, वेणी घातलेली बारीक मुलगी. बाळंतपणानंतर चेहरा भरलाय. ॲप म्हणे जुळत नाही. सेविका बिचारी घामाघूम, तिच्या हातात काय आहे? दुसऱ्या दिवशी रेंज नाही. तिसऱ्या दिवशी दोघी वर सड्यावर गेल्या, हिने केस मागे बांधले, डोळे मिचकावले, तेव्हा कुठे ती 'ती' ठरली.

पाकिटं हातात द्यायला मदतनीस होती. आमच्याच वाडीतली. आमच्या बाळाला पहिले दहा दिवस तिनेच न्हाऊ घातलं होतं.