आमची वाटचाल: आधी दगड, मग आकडा

डिचोलीतल्या आमच्या प्रयोगशाळेत सोन्या-चांदीच्या खनिजाचे नमुने येतात म्हटलं की गोव्यातली माणसंच चकित होतात. गोव्यात सोन्याची खाण कुठली? नाहीच. नमुने येतात घाटापलीकडून, बहुतेक कर्नाटकातून. त्यातलं सोनं सायनाइडच्या पाण्यात उतरेल, म्हणजे विरघळेल का, आणि नाही उतरलं तर कोण आडवं येतंय, एवढं शोधून सांगणं आमचं काम.

सुरुवात लोखंडाची. माझे बाबा जेटीवर सॅम्पलर, म्हणजे खनिजाचे नमुने काढणारे, होते. 2004 मध्ये मी रसायनशास्त्राची पदवी आणि त्यांचा अनुभव एवढ्या भांडवलावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. लोह, सिलिका, अ‍ॅल्युमिना, ओलावा असे चार आकडे काढून द्यायचे. बाबा मात्र नमुना दळायच्या आधी बोटांत घेऊन बघायचे आणि म्हणायचे, ‘‘आदीं फातर पळय, मागीर आंकडो बरय.’’ त्यांचं म्हणणं खरं होतं. शुद्ध हेमॅटाइटमध्ये लोह जवळजवळ 70 टक्के, शुद्ध गोएथाइटमध्ये 63 च्या आसपास, आणि गोएथाइटच्या पोटात सुमारे 10 टक्के पाणी. लोहाचा आकडा सारखा असला तरी दोन दगड भट्टीत वेगळे वागतात.

सप्टेंबर 2012 मध्ये, चवथीच्या तोंडावर, खाणी बंद झाल्या. ट्रक थांबले, बार्ज नांगरले आणि आमच्याकडे नमुना यायचा बंद झाला. अकरा माणसांतली आठ मला कमी करावी लागली. तो महिना अजून आठवतो.

पुढच्या वर्षी कर्नाटकात गेलेल्या एका जुन्या भूशास्त्रज्ञ मित्राने सोन्याचा नमुना पाठवला. आम्ही फायर अ‍ॅसे, म्हणजे दगड वितळवून सोनं-चांदी मोजायची पद्धत, शिकलो. दळलेला दगड, लिथार्ज (शिशाचं ऑक्साइड), सोडा आणि टाकणखार मुशीत वितळवायचे, तळाशी बसलेल्या शिशाच्या गोळीत सोनं-चांदी गोळा होते, मग कपेल नावाच्या सच्छिद्र वाटीत शिसं शोषलं जाऊन इवलासा मणी उरतो. तो मणी नायट्रिक आम्लात उकळून चांदी वेगळी करायची, तर चांदी सोन्याच्या निदान दुप्पट-तिप्पट हवी. नाहीतर आम्ल आत शिरतच नाही. ही खूण आम्हाला बाजारातल्या एका सोनारकाकांनी सांगितली.

आणि लगेच मोठी चूक झाली. टनामागे 4 ग्रॅम सोन्याचा एक नमुना 75 मायक्रॉनपर्यंत दळून 48 तास सायनाइडच्या बाटलीत फिरवला. निम्मंही सोनं उतरलं नाही. मी अहवालात ‘आणखी बारीक दळा, सायनाइड वाढवा’ असं लिहून मोकळी झाले. गिऱ्हाइकाने त्यावर पैसे घातले, फरक पडला नाही. तेव्हा कुठे आम्ही त्या दगडाचा तुकडा घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पांढुरके, शंकरपाळ्याच्या आकाराचे आर्सेनोपायराइट या लोह-आर्सेनिकच्या सल्फाइडचे (गंधक असलेल्या खनिजाचे) कण, आणि सोन्याचा कण एकही नाही. सोनं वेगळा कण म्हणून नव्हतंच. ते आर्सेनोपायराइटच्या स्फटिकातच मुरलेलं होतं. असं सोनं नुसतं दळून सुटत नाही. भाजून, दाबाखाली ऑक्सिजन देऊन किंवा जिवाणू लावून आधी ते सल्फाइड मोडावं लागतं, मग सायनाइड. मी फी परत केली. त्या दिवसापासून सूक्ष्मदर्शक आधी, बाटली नंतर.

सायनाइड जातं कुठे, हेही दगडच सांगतो. रसायनशास्त्राच्या हिशेबाने 1 ग्रॅम सोनं विरघळवायला साधारण अर्धा ग्रॅम सोडियम सायनाइड पुरतं. म्हणजे 4 ग्रॅमच्या दगडाला टनामागे 2 ग्रॅम! प्रत्यक्षात शेकडो ग्रॅम, कधी किलोच्या वर लागतं. बाकीचं खातात सोन्याचे शेजारी. मॅलाकाइट, कॅल्कोसाइट यांसारखी तांब्याची खनिजं सायनाइडमध्ये सहज विरघळतात. कॅल्कोपायराइट हे तांब्याचंच खनिज त्या मानाने फार कमी विरघळतं. म्हणून अहवालात ‘तांबं इतके टक्के’ एवढं लिहून भागत नाही, तांबं कोणत्या खनिजात आहे ते लिहावं लागतं. पिरोटाइट हे लोहाचं सल्फाइड तर सायनाइडही खातं आणि सोन्याला लागणारा ऑक्सिजनही. अशा नमुन्याला आधी चुन्याच्या पाण्यात हवा देऊन शांत करतो.

पिरोटाइटवरून आठवलं. जूनमध्ये दळून ठेवलेला एक नमुना आम्ही जुलैत तपासला, तर सायनाइडचा खप भलताच निघाला. आमच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपला बुरसतात, तिथे दळलेलं सल्फाइड कसं टिकेल? ते गंजलं होतं. आता असे नमुने मंद आचेवर सुकवून, हवा काढून, पिशवीत सीलबंद करून फ्रीझरमध्ये ठेवतो.

काही दगडांत नैसर्गिक कार्बन असतो. दोन तासांनी द्रावणात सोनं भरपूर, चोवीस तासांनी कमी. दगड उतरलेलं सोनं परत ओढून घेतो. उपाय म्हणजे लीचिंग (सायनाइडमध्ये सोनं विरघळवणं) चालू असतानाच त्यात त्याहून तगडा सक्रिय कोळसा टाकायचा. तो बहुतेक नारळाच्या करवंटीचा असतो, हे कळलं तेव्हा आमच्या मुलींना फार आनंद झाला.

चांदीचं प्रकरण आणखी नाजूक. क्लोराइडच्या रूपातली चांदी भराभर उतरते, अ‍ॅकँथाइट हे चांदीचं सल्फाइडही बऱ्यापैकी. पण टेट्राहेड्राइट या तांबं-अँटिमनीच्या सल्फाइडमधली चांदी ढिम्म हलत नाही. एका नमुन्यात यांपैकी काहीच दिसेना, तरी चांदी बाहेर येईना. दळताना हाताला काळं लागलं आणि मी थबकले. सांगे-केप्याकडचं मँगनीज आम्ही वर्षानुवर्षं हाताळलेलं. तोच रंग, तोच चिकटपणा. चांदी मँगनीजच्या ऑक्साइडमध्ये अडकली होती. सल्फर डायऑक्साइडच्या पाण्याने मँगनीज विरघळवलं, गाळ धुतला, चुन्याने आम्लपणा पूर्ण मारला आणि मगच सायनाइड घातलं. आम्लात सायनाइड पडलं तर जीवघेणा वायू सुटतो. म्हणून सामू (pH) 10.5 च्या खाली गेला की काम थांबतं, मग ते कुणाचंही, कितीही तातडीचं असो. या वेळी चांदी उतरली.

आज आम्ही सात जण आहोत. 2012 मध्ये गेलेल्यांपैकी दोघी परत आल्या, त्यांतली एक आता सूक्ष्मदर्शक सांभाळते आणि माझ्यापेक्षा चांगलं बघते. बाबा अजून संध्याकाळी येतात, नमुन्याची पिशवी उघडतात आणि खिडकीपाशी उजेडात धरतात. त्या मँगनीजवाल्या गिऱ्हाइकाची दुसरी खेप परवाच आली आहे. या वेळी दगड जास्त तपकिरी आहे, काळं हाताला कमी लागतं. सोमवारी तुकडे घासायला घेणार आहोत.