मग?

शाळेसाठी मनोगत लिहून दे असा फोन आला तेव्हा मी पहिलं काम काय केलं तर माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. त्यात माझी नववीची दोनशे पानी वही आहे, कव्हर गेलंय, कडेनं कसर लागलीय, पण आत मराठीच्या बाईंचा लाल पेनातला एक शब्द अजून नीट वाचता येतो. त्या शब्दाबद्दलच लिहितोय. गॅदरिंग, खोखो, मधल्या सुट्टीतल्या बोरं-चिंचा हे बाकीच्यांनी लिहिलं असेलच.

८८-८९ चं वर्ष. आपल्या शाळेचं हस्तलिखित दरवर्षी निघायचं, त्यात पावसावरच्या कविता आणि सुविचार. त्या वर्षी बाई म्हणाल्या कविता बास, यंदा सोलापुरातल्या मोठ्या माणसांशी जाऊन बोलायचं आणि ते लिहून आणायचं. आम्ही विचारलं मोठी म्हणजे कोण, नगरसेवक का? तर म्हणाल्या, ज्याला आपलं काम येतं तो मोठा, तुमच्या गल्लीत बघा आधी.

पण एकदम पाठवलं नाही कुठं. आधी महिनाभर वर्गातच सराव, तोही हयात नसलेल्या माणसांवर. म्हणजे तो माणूस समोर बसलाय असं समजायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. वालचंद हिराचंद घेतले एकदा. १८८२ चा जन्म, आपल्या सोलापूरचा माणूस, रेल्वेची कंत्राटं घेता घेता जहाजांच्या धंद्यात शिरला, आणि ५ एप्रिल १९१९ ला सिंदिया या त्याच्या जहाज कंपनीचं लॉयल्टी जहाज मुंबईहून लंडनला निघालं, इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असताना. सगळ्यांनी प्रश्न काढले, देशप्रेम कुठून आलं, यशाचं रहस्य काय वगैरे. माझ्या बाकावरचा मित्र उठला आणि म्हणला, शेठजी, तुम्ही समुद्र पहिल्यांदा कधी बघितला? वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, त्यांनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला. आमच्या वर्गात निम्म्या पोरांनी समुद्र बघितला नव्हता, मी पण त्यातलाच, त्यामुळं तो प्रश्न मला एकदम कळला. पाण्याच्या नावानं सिद्धेश्वराचं तळं बघत वाढलेल्या गावातून जहाजवाला माणूस निघतो म्हणजे काय.

मग डॉ. कोटणीस. १९३८ ला पाच डॉक्टर चीनला गेले त्यातले एक, तिथं राहिले, चिनी शिकले, लग्न पण तिथंच केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला गेले तेव्हा बत्तीस वर्षांचे होते, मुलगा काही महिन्यांचा. (आता भैय्या चौकात त्यांच्या घराचं स्मारक झालंय, आमच्या वेळी आम्हाला नुसतं नाव माहीत होतं.) पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, डॉक्टर, घरी सोलापूरला पत्र लिहिताना तुम्ही काय काय लिहायचं टाळत होता? बाई दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. इतक्या वर्षांत मी शेकडो मुलाखती ऐकल्या, वाचल्या, टीव्हीवर बघितल्या, त्या तोडीचा प्रश्न फार क्वचित ऐकला.

नंतर खऱ्या माणसांकडं पाठवलं. मी आणि तोच मित्र पूर्व भागात त्याच्या ओळखीच्या, जॅकार्ड मागावर नक्षीच्या चादरी विणणाऱ्या एका कारागिराकडं गेलो. घरात तेलुगू, मला तेलुगू येत नाही, म्हणून मित्र दुभाषी. खोलीत माग चालू, खटखट खटखट, बोललेलं ऐकू येईना. मी विचारलं किती वर्षं काम करताय, तीस. आवडतं का, हो. संपलं. प्रत्येकाला एक शब्द. मी वही मिटायला लागलो तेवढ्यात मित्रानं मनानंच काहीतरी विचारलं, मला त्यातला फक्त ‘तप्पु’ एवढाच शब्द कळला, कारण शेजारच्या कानडी घरात पण चुकीला तप्पुच म्हणतात. चुकलं तर काय करता, असं त्यानं विचारलं होतं. आणि तो माणूस उठलाच. मशीन बंद केलं. ग्राफचा कागद काढला, रंगवलेले चौकोन दाखवले, एकेक चौकोन म्हणजे उभा धागा उचलायचा की खाली ठेवायचा. त्यावरनं पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी, अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून माळ करायची आणि ती माळ वर फिरत राहते. आता त्यात एक भोक चुकलं तर ते एका चादरीत चुकत नाही ना, माळ परत फिरली की परत तिथंच, प्रत्येक चादरीवर त्याच जागी तोच ठिपका. मग त्यानं आतनं एक जुनी चादर आणली, मोराची नक्षी, आणि मोराच्या मानेत एक चुकार ठिपका दाखवला. लग्नाच्या वर्षी पाडलेलं कार्ड होतं ते. विकली नाही, पांघरायला ठेवली. दीड तास बोलत होता, शेवटी शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊनच सोडलं आम्हाला.

या यशानं मी फुगलो आणि पुढची मुलाखत एकट्यानंच घ्यायची म्हणून हट्ट धरला. माणूस म्हणजे गावातले एक नावाजलेले डॉक्टर. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या सुट्टीत गेलो, वीस प्रश्न फुलस्केपवर लिहून. ते शांतपणे उत्तरं देत होते, मी भराभर लिहीत होतो. सातवा प्रश्न शिक्षणाचा. ते म्हणाले, शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली आणि त्याच वर्षी माझा थोरला भाऊ गेला. मी ते लिहून घेतलं आणि आठवा प्रश्न विचारला, तुमचा आवडता छंद कोणता? ते थोडं थांबले आणि म्हणाले, बागकाम.

वही तपासून आली तेव्हा भाऊ गेला या ओळीखाली लाल रेघ होती आणि समासात एवढंच, ‘मग?’

बाई रागावल्या नाहीत, कुणासमोर बोलल्या नाहीत, हस्तलिखितात ती मुलाखत घेतली पण. पण मला ते पान पंधरा दिवस उघडवेना. एका माणसानं माझ्यापुढं, चौदा वर्षांच्या पोरापुढं, काहीतरी ठेवलं होतं आणि मी ते ओलांडून पुढं गेलो होतो.

पुढं मी बँकेत लागलो, कर्ज विभागात, तिथं दिवसभर माणसांना प्रश्नच विचारायचे असतात. पण रविवारी, गेली पंधरा-सोळा वर्षं, मी रेकॉर्डर घेऊन लोकांकडं जातो. सुरुवात आजीच्या मैत्रिणीपासून केली, जिनं दिवसाला हजार बिड्या वळून पोरीला नर्सिंगला घातलं. मग गिरणीतले जॉबर म्हणजे मुकादम, नाटकाचे पडदे रंगवणारे एक काका, ज्वारीचं बियाणं राखणारे मंगळवेढ्याकडचे एक शेतकरी. परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटले, तेव्हा सगळीकडं त्या रकमेचीच चर्चा, आणि मला विचारावंसं वाटत होतं की सर, तुम्ही पुस्तकात घातलेला पहिला क्यूआर कोड ज्यावर उघडला तो फोन कुणाच्या वडलांचा होता. योग आला नाही अजून.

आणि गेल्या वर्षी मी त्या डॉक्टरांकडं गेलो. वय ८६, प्रॅक्टिस बंद, ऐकायला कमी येतं. मी वही दाखवली, सातवा प्रश्न, आठवा प्रश्न, लाल शब्द. त्यांनी चष्मा बदलून वाचलं. मी म्हणलं, डॉक्टर, एवढंच विचारायला आलोय.

ते बराच वेळ गप्प होते, मी पण काही बोललो नाही. मग म्हणाले, अरे, त्याच्याच पगारावर मी शिकलो. थोरला भाऊ एका मिलमध्ये बारा वर्षं ब्लो रूमला होता, जिथं कापसाच्या गाठी फोडतात, तिथं सगळ्यात जास्त धूळ. लोक टीबी म्हणाले, असेलही. पण दर वेळी सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळते असं तो सांगायचा, आणि मी मेडिकलला असून ते नुसतं ऐकून सोडून द्यायचो. कापसाच्या धुळीच्या आजाराची ती खूण असते हे मला नंतर पुस्तकात वाचून कळलं. तार आली होती, वडलांनी पेपर संपेपर्यंत मला कळवली नाही. मग प्रॅक्टिस सुरू केल्यावर खोकत आलेल्या प्रत्येक माणसाला मी आधी विचारायचो, मिलमध्ये आहेस ते ठीक, खातं कुठलं? आणि दुसरं, सुट्टी झाल्यावर पहिल्या दिवशी कसं वाटतं?

मी विचारलं, भाऊ माणूस कसा होता? तर म्हणाले, हार्मोनियम वाजवायचा, पण पुढं पुढं गायला श्वास पुरायचा नाही, म्हणून नुसती वाजवायचा. हार्मोनियम अजून आहे घरात. त्यांनी सुनेला आणायला लावली.

ते रेकॉर्डिंग एक तास बावन्न मिनिटांचं आहे. सुरुवातीची चार मिनिटं नुसता पंख्याचा आवाज आहे, ती मी कापलेली नाहीत. बाईंना पेनड्राइव्हवर नेऊन दिलं, जुळे सोलापुरात असतात लेकीकडं, त्यांनी दोनदा ऐकलं आणि हार्मोनियमचं पुढं काय झालं ते विचारलं. आता दर गुरुवारी डॉक्टरांचा नातू शिकायला जातो.

तर माझी एक विनंती आहे. ८८-८९ चं ते हस्तलिखित शाळेच्या लायब्ररीत सापडत नाहीये, मी दोनदा येऊन कपाटं बघितली. निळं कापडी बाइंडिंग, पहिल्या पानावर तळ्यातल्या मंदिराचं पेन्सिल चित्र. समुद्राचा प्रश्न, पत्रांचा प्रश्न आणि मोराच्या चादरीची मुलाखत सगळं त्यात आहे. कुणाच्या घरी गेलं असेल तर कृपया ऑफिसमध्ये आणून द्या, मी स्कॅन करून मूळ प्रत परत देईन. आणि ज्या मुलीनं डॉ. कोटणीसांना तो प्रश्न विचारला होता तिनं हे वाचलं तर तिनं पण शाळेत फोन करावा, मला तिच्याशी बोलायचंय.