ओरडायचं कधी

३ नोव्हेंबर, तोक्यो

आज इथे सुट्टी. बुदोकान सभागृहात जाऊन केंडोची, म्हणजे जपानी तलवारबाजीची, राष्ट्रीय स्पर्धा बघून आले. ओरडले दुसरेच, कान मात्र माझे बसलेत.

या शहरात लोकलमध्ये फोन वाजला तरी माणूस ओशाळतो. आणि आज दिवसभर एकेक खेळाडू (वरच्या फळीतले बरेचसे पोलीस खात्यातले) जीव खाऊन किंचाळत होता. ती आरोळी शोभेची नसते. डोकं, मनगट, बरगड्या, गळा, जिथे वार करायचा त्या जागेचं नाव घेतच शिनाई (बांबूची तलवार) हाणायची: 'मेन!' (डोकं), 'कोते!' (मनगट). आवाज, शिनाई आणि पाऊल एकदम पडलं नाही, तर नेमका लागलेला वारही फुकट. तीन पंचांच्या हातांत लाल-पांढरे झेंडे. दोघांनी उचलले की गुण. असे दोन गुण आधी मिळवले की सामना खिशात.

पण गुण मिळाल्यावर एकदम चिडीचूप. मूठ आवळायची नाही, हात उंचावायचा नाही. तसं केलंत तर दिलेला गुणही पंच काढून घेतात. चढाईत गडी टिपून मांडी थोपटणाऱ्यांच्या गावची मी. मला हे फार कोरडं वाटायचं. प्रतिस्पर्ध्याचा मान, सौजन्य वगैरे कारणं सांगतात. असतीलही. मला मात्र साधं कारण जास्त पटतं: खऱ्या तलवारीचा घाव बसलेला माणूसही पडता पडता वार करू शकतो. मग नाचायला वेळ कुठला? म्हणून मारून पुढे निघून गेल्यावरही वळून शिनाई रोखून उभं राहायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या अमलात शाळांमधलं केंडो बंद झालं होतं. १९५० मध्ये 'शिनाई क्योगी' नावाचा त्याचा मवाळ अवतार निघाला, त्यात उगाच ओरडायला मनाई! १९५२ मध्ये राष्ट्रीय महासंघ झाला, १९५३ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली. आरोळी परत आली हे बरंच झालं. तिच्याशिवाय हे सगळं नुसतं काठ्या आपटणं वाटलं असतं.

बुधवारी आमचा सराव. माझा 'मेन' अजून तोंडातल्या तोंडातच राहतो. पोटातून काढा, असं सेन्सेई (आमचे गुरुजी) दर वेळी सांगतात. घरी ओरडून बघावं तर भिंती पातळ. अराकावा नदीच्या बांधावर जावं म्हणते. तिथे संध्याकाळी सॅक्सोफोन शिकणारेही येतात, त्यांच्यापेक्षा वाईट तर मी ओरडणार नाही.