आमची वाटचाल : मुक्काम ठरल्याशिवाय गाडी हलत नाही

बेळगावात घरसामान हलवायचं काम आमच्याकडे सासऱ्यांपासून आहे. ते रविवार पेठेत हमालांच्या टोळीचे मुकादम होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच, त्यामुळे कॅम्पातल्या बदल्या कायमच्या. बदली निघाली की सासऱ्यांना बोलावणं यायचं. सामान बांधायचं, गाडीत चढवायचं, की त्यांचं काम संपलं. गाडी कुणाची, रात्री कुठं थांबणार, हे त्यांनी बघायचं कारणच नव्हतं. हे आणि मी धंद्यात उतरलो तेव्हा लोक सगळंच एका माणसाकडं सोपवू लागले होते. बांधण्यापासून पुण्याच्या फ्लॅटमध्ये कपाट जोडून देण्यापर्यंत सगळं आमच्याकडं आलं. इथली मुलं पुण्या-बंगळूरला नोकरीला लागली, त्यांच्या मागोमाग आई-वडीलही बिऱ्हाड आवरून निघाले, आणि आमचा धंदा त्यावर वाढला.

स्वतःची गाडी आम्ही घेतली नाही. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. आमचा हंगाम शाळा सुटल्यापासून शाळा भरेपर्यंत, म्हणजे एप्रिल ते जून. पावसाळ्यात गाडी दारात उभी राहणार आणि बँकेचा हप्ता मात्र चालू राहणार, हे छोट्या फर्मला झेपत नाही. म्हणून लागेल तशी गाडी भाड्यानं घ्यायची. लहान बिऱ्हाडाला टाटा ४०७ पुरते, मोठ्याला १४, १७ नाहीतर १९ फुटी आयशर. पण त्यात एक पेच आहे. गाडी एकाची, ड्रायव्हर त्याचा, सामान तिसऱ्याचं आणि जबाबदारी आमची. दिवसा हे किंवा आमचा एखादा जुना हमाल गाडीबरोबर असतो. खरी काळजी अंधार पडल्यावर सुरू होते.

गिऱ्हाईक विचारतं, पुणे तर साडेतीनशे किलोमीटरसुद्धा नाही, मग मुक्काम कशाला? सामान चढेस्तोवर दुपार टळून जाते, म्हणून. मोठ्या शहरांत ट्रकला ठरावीक वेळेत बंदी असते आणि बऱ्याच सोसायट्या रात्री सामान उतरवू देत नाहीत. रात्रभर गाडी पळवून पहाटे शहराबाहेर रस्त्याच्या कडेला लावायची पद्धत आहे. माझ्या मते त्याच्याइतका वाईट मुक्काम नाही, कारण जागा अनोळखी असते आणि दमलेल्या ड्रायव्हरला मेल्यासारखी झोप लागलेली असते. कायद्यानंही ड्रायव्हरला दिवसात आठ तासांपेक्षा जास्त गाडी चालवायला लावता येत नाही.

सुरुवातीच्या काळात गाड्या उघड्या हौद्याच्या असत, वर ताडपत्री आणि दोर. बंगळूरच्या वाटेवर एका ढाब्यावर गाडी थांबली होती. ड्रायव्हर आणि क्लीनर दोघं मिळून जेवायला बसले. सकाळी मागच्या कोपऱ्यात ताडपत्री हातभर कापलेली दिसली. धारदार पात्याचा एकच सरळ काप होता, दोर जागेवर, गाठीसुद्धा सुटल्या नव्हत्या. लांबून काही कळलं नसतं. शिलाई मशीन आणि तांब्याचा बंब गेला. बंब ज्यांचं सामान होतं त्या काकूंच्या माहेरचा होता. आम्ही भरपाईचं बोललो तेव्हा त्या म्हणाल्या, "पैसे नकोत गं, तो बंब आईनं घासलेला होता." त्यानंतर या विषयात जे काही केलं ते त्या वाक्यामुळे केलं. बिऱ्हाडाच्या गाडीत बाजारभावानं फार मोठं काही नसतं, पण गेलेली वस्तू दुकानात परत मिळत नाही.

बाहेरगावच्या कामाला आता बंद बॉडीचीच गाडी घेतो, भाडं जास्त पडलं तरी. मागच्या दाराला दोन कुलपं, तीही ज्यांची कडी आत लपलेली असते आणि कटरचं तोंड बसत नाही अशी. एका कुलपाची किल्ली गिऱ्हाइकाकडं, दुसऱ्याची आमच्या माणसाकडं. ड्रायव्हरकडं एकही नाही. यानं ड्रायव्हरचा अपमान होतो असं काहींना वाटतं, पण किल्लीच नसली की रात्री कुणी त्याला धमकावण्यात अर्थ राहत नाही. कुलपावर नंबरचं सील लावतो. निघताना आणि सकाळी असे दोनदा त्या नंबरचे फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर जातात.

सामान चढवण्याचा क्रमही आम्ही मुक्कामाचा विचार करून लावतो. लहान खोकी, मिक्सर, टीव्ही, देवघरातली भांडी हे सगळं आत केबिनच्या बाजूला. दाराशी येतं ते लोखंडी कपाट, पलंगाच्या फळ्या आणि गाद्या. कुणी दार उघडलंच तर समोर कपाटाची पाठ, आणि ती हलवायला चार माणसं लागतात. स्कूटर मध्यभागी, पेट्रोल काढून, साखळीनं हुकाला बांधलेली. दागिने, कागदपत्रं, लॅपटॉप आम्ही गाडीत घेतच नाही. ते गिऱ्हाइकानं स्वतःबरोबर न्यायचं. भरलेला सिलिंडरही घेत नाही.

गाडी उभी करताना मागचं दार भिंतीला इतकं चिकटवायचं की ते उघडूच नये. भिंत नसेल तर दोन ट्रक पाठीला पाठ लावून. पण ट्रकवर रात्री नजर असते ती सामानापेक्षा डिझेल, बॅटरी आणि स्टेपनीवर. म्हणून दार भिंतीला आणि डिझेलची टाकी उजेडाकडं, अशी जागा शोधावी लागते. ती मिळते पेट्रोल पंपावर, जिथं कॅमेरा आहे आणि रात्रपाळीचा माणूस जागा असतो. तिथंच डिझेल भरायचं, मॅनेजरला सांगून गाडी लावायची, पावती जपून ठेवायची. चढावर चाकाखाली लाकडी ठोकळा हवाच, आणि बॅटरीचा कट-ऑफ स्विच बंद. ड्रायव्हर आणि क्लीनरनं आळीपाळीनं जेवायचं.

या सगळ्याच्या वर मी मुक्काम भत्त्याला मानते. गाडीमालकाशी भाडं ठरवताना ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता आम्ही वेगळा काढतो आणि तो थेट त्याच्या हातात देतो. ज्याच्या खिशात जेवणाचे पैसे आहेत तो स्वस्त जागा शोधत आडबाजूला जात नाही. रात्री दहाच्या सुमारास फोन येतो, "वहिनी, गाडी लावली." मी विचारते, "मामा, जेवलासा काय?" गाडीचं त्यानंतर. गाडीत जीपीएस असलं तरी हा फोन बंद केलेला नाही. नकाशावर ठिपका दिसतो, पण माणूस आजारी आहे का, घाबरलाय का, ते आवाजातच कळतं.

उशीर झाला तर आम्ही गाडी बेळगावातून सोडतच नाही. भरलेली गाडी आमच्या आवारात राहते आणि पहाटे चारला निघते. गोव्याच्या कामाला तर हा नियमच आहे. रात्री चोर्ला घाटात गाडी घालायची नाही. गिऱ्हाईक चिडतं, त्याला चहा देऊन समजावून सांगते.

सीमाभागात गाडीची नंबरप्लेटही मुक्काम ठरवते, हे बाहेरच्यांना पटकन समजत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद तापला, हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकवर दगडफेक झाली आणि तिकडं महाराष्ट्रात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं. त्या दिवसांत एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची गाडी आम्ही बेळगावात रात्री उभी ठेवली नाही. सकाळी आत घेतली, भरली, उजेडातच कोगनोळीची हद्द पार केली. बंगळूरकडं फक्त केए २२ किंवा २३, म्हणजे बेळगाव-चिकोडी पासिंगच्या गाड्या पाठवल्या. ड्रायव्हरला या वादाशी काय देणंघेणं? गोकाकचा आमचा कन्नड ड्रायव्हर साताऱ्याला निवांत झोपतो आणि कागलचा मराठी ड्रायव्हर हावेरीला. वर्षानुवर्षं त्याच पंपांवर, त्याच लोकांच्या भरवशावर. काच फुटली तर ती त्यांच्या पोटावर येते, म्हणून वातावरण तापलं की गिऱ्हाइकाची तारीख पुढं ढकलायला मी जराही कचरत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. आमची एक गाडी संकेश्वरच्या बाजूला अडकली. मागंपुढं ट्रकच ट्रक, पंप भरलेले, वरून पाऊस. आमची माणसं आळीपाळीनं भाकरी-चटणी घेऊन जायची आणि रात्री गाडीजवळ थांबायची. जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं तेव्हा गाडी पाठवलीच नाही. तेव्हापासून तळाला लाकडी पट्ट्या टाकूनच सामान लावतो आणि पावसाळ्यात पुण्याचं काम घेण्याआधी नदीच्या पाण्याची चौकशी करतो.

कागदांचं थोडक्यात. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही, तरी दोघांच्या सह्यांची सामानाची यादी गाडीत ठेवा. रात्री कुणी अडवलं तर तीच कामाला येते. गाडीच्या विम्यात आतलं सामान येत नाही, त्याचा विमा वेगळा काढावा लागतो. तो काढताना चोरी त्यात बसते का ते विचारून घ्या. स्वस्त पॉलिसीत आग, अपघात, गाडी पलटी होणं एवढंच असतं. रस्त्यात अडचण आली तर हायवेचा १०३३ आणि पोलिसांचा ११२ हे दोन नंबर आम्ही केबिनमध्ये मोठ्या अक्षरात, कन्नड आणि मराठी दोन्हीत चिकटवतो.

आमच्या बुकिंगच्या कागदावर आता 'मुक्काम' असा रकाना आहे. गाव, पंप, गाडी लावायची वेळ, तिथल्या माणसाचा फोन हे सगळं भरल्याशिवाय हे गाडीला कुलूप लावत नाहीत. सध्या निपाणीच्या अलीकडं भिंतीच्या आतली, दिवा असलेली एक जागा वर्षाच्या भाड्यानं घ्यायचं बोलणं चाललंय. एकट्या आमच्या फर्मला ती परवडणार नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडीकडच्या आमच्यासारख्या चार-पाच छोट्या फर्म एकत्र आल्या तर वॉचमनचा पगारही निघेल आणि ड्रायव्हरांसाठी न्हाणीघर बांधता येईल. हंगाम सुरू व्हायच्या आत, मार्च संपेपर्यंत, हे ठरवायचं आहे.