‘कोणती लँग्वेज घेऊ?’ : स्टॉकहोमहून एक उत्तर

स्टॉकहोमच्या मेट्रोच्या लाल मार्गावर टेलेफोनप्लान नावाचे स्थानक आहे. बाहेर पडल्यावर एरिक्सन कंपनीच्या जुन्या टेलिफोन कारखान्याची लांबलचक इमारत दिसते. २००४ पासून तिथे कोन्स्टफाक हे कला महाविद्यालय भरते. मी सात वर्षांपासून याच भागात राहते आणि रोज त्या इमारतीवरून कामाला जाते. गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘मावशी, मी कोणती लँग्वेज घेऊ? जावा की पायथन?’ असे त्याने प्रोग्रॅमिंगच्या भाषांबद्दल विचारले, आणि मला पटकन उत्तर देता आले नाही. ते उत्तर नीट द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे; त्यासाठी याच एरिक्सनमध्ये जन्मलेल्या एरलँग या प्रोग्रॅमिंग भाषेची गोष्ट सांगावी लागेल.

हा प्रश्न मला स्वतःला कोणी कधी विचारलाच नव्हता. कॅम्पसमधून निवड झाल्यावर हिंजवडीत प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात एक यादी लागली आणि माझे नाव जावाच्या बॅचमध्ये आले. शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण डॉटनेटला गेली. दुसरी मेनफ्रेमला, म्हणजे जुन्या धाटणीच्या मोठ्या संगणकांच्या कामाला गेली आणि त्या संध्याकाळी खोलीवर येऊन रडली, कारण कोबोल ही तिथली जुनी भाषा शिकले की पुढे दुसरीकडे जाता येत नाही असे तिला कोणीतरी सांगितले होते. त्या एका यादीने आमची पुढची नऊ-दहा वर्षे ठरवली. ‘ती जावावाली, तो डॉटनेटवाला’ हीच आमची ओळख झाली. प्रकल्पाची भाषा क्लायंटने आधीच ठरवलेली असायची, आम्ही त्या भाषेतली जागा भरायचो. त्यामुळे भाषेबद्दल मत असणे म्हणजे आपल्या भाषेची बाजू घेऊन चहाच्या टपरीवर वाद घालणे, एवढेच मला ठाऊक होते.

स्टॉकहोममध्ये रुजू झाले तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात मला एका बैठकीत मत विचारले गेले. आमची कंपनी इमारतींमधल्या तापवण्याच्या यंत्रणेची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर बनवते. इथे बहुतेक घरांना शहराच्या मध्यवर्ती केंद्रातून गरम पाण्याच्या नळांनी उष्णता पुरवली जाते, आणि उष्णता मोजणारे हजारो मीटर आपले आकडे सतत पाठवत असतात. ते आकडे स्वीकारणारा जुना भाग एरलँग या भाषेत होता. तो जावात पुन्हा लिहावा का, यावर चर्चा होती. दुपारच्या कॉफीनंतर, म्हणजे इथल्या ‘फिका’नंतर, टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला क्रमाने विचारण्यात आले. मी सांगितले की जावाची माणसे कुठेही मिळतात, एरलँगची शोधावी लागतात, म्हणून जावा घ्यावी. माझे साठीकडे झुकलेले एक सहकारी, ज्यांना इथल्या रीतीप्रमाणे सगळे नावाने आणि एकेरीत हाक मारतात पण ज्यांना मी अजूनही मनातल्या मनात ‘सर’च म्हणते, शांतपणे म्हणाले, ‘ठीक आहे. एक मीटर बोलता बोलता गप्प झाला, तर बाकीच्यांचे काय होईल?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. बहुमत माझ्या बाजूचे होते, म्हणून तो भाग जावात लिहायला सुरुवात झाली.

उत्तर जानेवारीतल्या एका रात्री मिळाले. बाहेर उणे पंधरा तापमान होते आणि रात्रीच्या कॉलची पाळी माझी होती. सव्वादोनला फोन वाजला; एकाही इमारतीचा आकडा येत नव्हता. एका वसाहतीचे मीटर अतिशय सावकाश उत्तर देत होते. प्रत्येक मीटरची वाट पाहणारा एक-एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला एकेक काम सांभाळणारा धागा, अडकून बसला होता आणि दोनशे थ्रेडचा आमचा साठा वीस मिनिटांत संपला होता. एका वसाहतीच्या दुखण्यापायी सगळ्या शहराचे आकडे थांबले. हा दोष जावाचा नव्हता, आमचा होता. वेळेची मर्यादा नीट घातली असती तर ते टळले असते. पण सकाळी सहकाऱ्यांनी जुना एरलँगचा भाग चालू केला. तेच मीटर, तीच दिरंगाई, आणि तो निवांत चालत राहिला. त्या दिवशी मी ठरवले की ही भाषा मुळापासून समजून घ्यायची.

१९८६ च्या सुमारास एरिक्सनच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स हे टेलिफोन एक्स्चेंज, म्हणजे फोन एकमेकांना जोडणारी यंत्रणा, कोणत्या भाषेत लिहिणे सोपे जाईल, याचे प्रयोग करत होते. कंपनीचे एएक्सई एक्स्चेंज प्लेक्स या तिच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेले होते, आणि नव्या भाषेकडून त्याहून अधिक अपेक्षा होती. एक्स्चेंजमध्ये एकाच वेळी हजारो संभाषणे चालतात. त्यातले एक तुटले तर दुसऱ्या कोणाला कळताही कामा नये, आणि दुरुस्तीसाठी यंत्र बंद करायची सोय नाही. प्रोलॉग या तर्कावर आधारलेल्या भाषेत सुरू झालेल्या त्या प्रयोगांतून एरलँग उभी राहिली. नाव आग्नेर क्रारूप एरलँग या डॅनिश गणितज्ञाचे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत राहून त्यांनी फोनच्या गर्दीचे गणित मांडले.

म्हणून या भाषेत प्रत्येक संभाषणाला स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे आपापले चालणारे छोटे काम, मिळते. ती ऑपरेटिंग सिस्टीमची जडशीळ प्रोसेस नसते. सुरुवातीला तिला जेमतेम दोन-तीन किलोबाइट स्मृती लागते, म्हणून एका यंत्रावर अशा लाखो प्रोसेस नांदतात. त्यांची स्मृती सामाईक नसते, त्या एकमेकींना फक्त निरोप धाडतात. एखादी चुकली तर तिने सावरत बसायचे नाही, सरळ कोसळायचे. तिच्यावर नजर ठेवणारी सुपरवायझर प्रोसेस तिला स्वच्छ स्थितीत पुन्हा उभी करते. जन्मभर ट्राय आणि कॅच, म्हणजे चूक पकडून सावरणाऱ्या ओळी, लिहीत आलेल्या मला हे पचायला दोन महिने लागले.

पहिल्या संध्याकाळचा अनुभव मात्र अजून लख्ख आठवतो. शेलमध्ये, म्हणजे ओळ लिहिताच उत्तर देणाऱ्या खिडकीत, ‘एक्स = ५’ लिहून पूर्णविराम दिला. पुढच्या ओळीत ‘एक्स = ६’ लिहिले, तर उजव्या बाजूच्या ६ शी जुळत नाही अशी चूक आली. एकदा दिलेली किंमत इथे बदलत नाही. बरोबरची खूण म्हणजे साठवणे नव्हे, दोन्ही बाजू जुळतात का ते पाहणे. शाळेतल्या बीजगणितात तेच तर होते, जावाने ते विसरायला लावले होते. विरामचिन्हेही पत्रासारखी: स्वल्पविरामाने पुढची पायरी, अर्धविरामाने दुसरा पर्याय, पूर्णविरामाने गोष्ट संपली. मग हौसेने अवतरणचिन्हांत ‘पुणे’ लिहिले, आणि उत्तर आले: २३४६, २३६९, २३३९, २३७५. या भाषेत शब्द म्हणजे आकड्यांची यादी, आणि तिच्या शेलने देवनागरी न ओळखता युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरवून दिलेले, आकडेच समोर ठेवले. ‘स्टॉकहोम’ हे नाव रोमन लिपीत लिहिले तर नीट दिसत होते. मला त्याचे वाईट वाटले, पण पुढे त्याच आकड्यांमुळे कान्या-मात्रांचे, उकारांचे स्वतंत्र अस्तित्व डोळ्यांसमोर आले: प, उकार, ण, मात्रा. टेलिफोनसाठी जन्मलेल्या भाषेत मजकुराची सोय दुय्यम राहिली, हे मला तिथेच उमगले. प्रत्येक भाषा कोणत्या तरी एका अडचणीपोटी जन्मते आणि त्या अडचणीचा ठसा तिच्या अंगावर राहतो.

माणसे मिळत नाहीत, हा माझा बैठकीतला मुद्दा काही फुसका नव्हता. १९९८ मध्ये खुद्द एरिक्सनच्या रेडिओ विभागाने नव्या उत्पादनांसाठी एरलँग वापरायला बंदी केली. जगभर वापरात असलेल्या भाषांकडे जावे, असे कारण होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये भाषा मुक्त स्रोत म्हणून, म्हणजे कोणालाही पाहता-वापरता येईल अशी, खुली झाली, आर्मस्ट्राँग आणि अनेक सहकारी बाहेर पडले, आणि २००४ मध्ये कंपनीने आर्मस्ट्राँग यांना परत बोलावले. या खुलेपणामुळेच ती एरिक्सनच्या भिंतींपलीकडे गेली. आपण रोज पहाटे ‘सुप्रभात’चे फुलांचे फोटो ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, त्याचे सर्व्हर एरलँगमध्ये लिहिलेले आहेत. २०१२ च्या आरंभी त्यांनी एका सर्व्हरवर वीस लाखांहून अधिक जोडण्या पेलल्या होत्या. २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरना ही कंपनी घेतली, तेव्हा तिचे ४५ कोटी वापरकर्ते होते आणि अभियंते ३२. बाजारात माणसे कमी असलेली भाषा घेऊनही कमी माणसांत काम होत असेल, तर माणसांची उपलब्धता हा मुद्दा आपण मानतो तितका मोठा नाही, असे माझे मत झाले आहे.

आता या मताच्या आड येणारी बाजूही सांगते. आमचे मासिक हिशेब आणि अहवाल आम्ही जावातच ठेवले, कारण तिथे माहितीच्या प्रकारांची (आकडा की मजकूर) काटेकोर तपासणी लागते आणि एरलँगमध्ये ती कंपाइलरकडून, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्रासाठी भाषांतरित करणाऱ्या साधनाकडून, होत नाही. निव्वळ आकडेमोडीसाठीही एरलँग मंद आहे. शिवाय सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ मध्ये हलके, आभासी थ्रेड आहेत. ते तेव्हा हाताशी असते, तर जानेवारीची ती रात्र कदाचित मी झोपून काढली असती. भाषा एकमेकींकडून शिकतात, आणि पाच वर्षांपूर्वीचे मत आज तसेच सांगणे मला रास्त वाटत नाही. पण अडकलेल्या एकाने सगळ्यांना अडवू नये, ही गोष्ट एरलँगमध्ये मुद्दाम करावी लागत नाही. कागदावर हा फरक छोटा दिसतो.

भाच्याला शेवटी मी असे सांगितले: पायथन घे, जावाही घे, कॉलेजात आणि मुलाखतीत त्या लागतीलच. त्यातली एक नीट शीक, म्हणजे तिच्यातली चूक पाहून कारण ओळखता येईल इतकी. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत एरलँग उतरवून घे, शेल उघड, ‘एक्स = ५’ लिही, पूर्णविराम दे, आणि पुढच्या ओळीत ‘एक्स = ६’ लिहून पाहा. काल रात्री त्याचा निरोप आला, व्हॉट्सअ‍ॅपवरच. खाली चूक दाखवणाऱ्या पडद्याचा फोटो होता आणि वर एवढेच लिहिले होते: ‘मावशी, असे का?’