बुडणार की तरंगणार?

बादलीभर पाण्यात एक असोला नारळ सोडायचा आणि शेजारी हरभऱ्याचा एक दाणा. त्याआधी पोरांकडून पैज मात्र लावून घ्यायची. बुडणार कोण? सगळी एकमुखाने नारळाचं नाव घेतात. मग नारळ डुलत राहतो, हरभरा मुकाट तळ गाठतो आणि ‘जड ते बुडतं’ हा सिद्धांत तिथल्या तिथे मोडीत निघतो. वजन किती, एवढ्यावर भागत नाही; ते किती जागेत कोंबलंय तेही बघावं लागतं. नारळाच्या सोडणात तर हवाच हवा.

संत्रं सालीसकट तरंगतं, सोललं की बुडतं. वजन कमी झालं आणि तरी बुडालं! हे पाहून माझ्या भाचीने साल परत चिकटवायला घेतली होती. घनतेला याहून मोठी दाद मी अजून पाहिलेली नाही.

हल्ली काचेच्या पेल्यात थर रचायची फार हौस आहे. खाली काकवी, मध्ये रंगीत पाणी, वर गोडेतेल. दिसतं झकास. पण काकवी तळाला गेलेली पाहून पोरं ठरवून टाकतात, की दाट असेल ते खाली जाणार. अशा वेळी मी एरंडेल काढते. तेही काकवीसारखंच आळसावून ओघळतं, पण पाण्यावर ऐटीत बसून राहतं. ओघळण्याचा आळस वेगळा, घनता वेगळी. (एरंडेलाची बाटली निघाली आणि घरातलं कुणी पळालं नाही, हे आमच्या लहानपणी अशक्यच होतं.)

सगळ्यात जास्त वेळ बटाटा खातो. साध्या पाण्यात तो तळाशीच. मीठ घालत, ढवळत राहायचं. चिमटीने काही होत नाही, चमच्यांनी घालावं लागतं, आणि पोरं कंटाळायच्या बेताला आली की बटाटा हळूच उचलला जातो. मग वरून साधं पाणी अलगद, पेल्याच्या कडेने सोडलं तर तो मधेच अडकतो. खाली खारं पाणी, वर गोडं, आणि हा त्रिशंकू.

कोकणातले भातशेतकरी पेरणीआधी हेच करतात. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणं ओततात. पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाला बसलेले साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून पेरायला घ्यायचे.