टीडीएस ८०, तरी पाणी नापास

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शाळेच्या पाण्याचा रिपोर्ट काढताना जे काय निस्तरावं लागलं ते लिहितोय, कारण आजूबाजूच्या बऱ्याच शाळांत सेम सेटअप आहे. आमच्याकडं बोअर, बोअरचं पाणी वरच्या सिंटेक्स टाकीत, तिथनं माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेल्या आरओ मशीनला, आणि मशीनचं पाणी साठवायला स्टीलची टाकी, तिला पोरांसाठी नळ. वर देणगीदारांची पाटी. कोण पाहुणा आला की सर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर बुडवून दाखवणार, ८०. बोअरचं १४०० च्या पुढं. पाहुणा खूश.

विषय निघाला यूडायसच्या, म्हणजे शाळेची माहिती सरकारला भरून द्यायच्या फॉर्मवरनं. त्यात पाणी प्रयोगशाळेतनं तपासलंय का असा एक प्रश्न असतो. मॅडम म्हणाल्या, हो लिहायचं तर कागद पाहिजे, कागद दाखवा. कागद कुणाकडंच नव्हता. एकजण म्हणाला मीटर दाखवतोय की ८०, अजून काय पाहिजे. तर मीटरचं असं आहे की पाण्यात क्षार किती विरघळलेत त्याचा तो अंदाज देतो, बास. जंतू त्याला दिसत नाहीत, आणि त्या क्षारात नायट्रेट किती हेही त्याला कळत नाही.

जलजीवन मिशनमधनं गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं ट्रेनिंग झालेलं, त्यात माझी चुलत वहिनी होती. किट ग्रामपंचायतीच्या कपाटात. भाऊसाहेबांकडनं किल्ली मिळाली तर आतली निम्मी औषधं मुदत संपलेली, पण एचटूएसच्या बाटल्या चांगल्या निघाल्या. ही बाटली लई कामाची वस्तू आहे. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून कोमट जागी ठेवायची, एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर समजायचं पाण्यात घाण मिसळलीय. वहिनींनी तीन बाटल्या भरल्या, एक थेट बोअरची, एक सिंटेक्सची, एक आरओच्या नळाची. बोअरची तशीच राहिली. सिंटेक्सची काळी. आणि आरओची पण काळी! मशीनला नावं ठेवली म्हणून देणगीदारांपैकी दोघं माझ्याशी नीट बोलेनात, ते वेगळंच.

म्हणून मग सांगलीच्या जिल्हा प्रयोगशाळेत रीतसर नमुने द्यायचं ठरलं, शाळेचं पत्र, ग्रामपंचायतीचा शिक्का वगैरे सगळं. इथं एक गोष्ट नीट सांगतो कारण बरेच नमुने इथंच वाया जातात. रासायनिक तपासणीला साधा स्वच्छ कॅन चालतो, त्याच पाण्यानं दोनतीनदा विसळून भरायचा. पण जंतूंसाठीची बाटली प्रयोगशाळेतनंच निर्जंतुक केलेली आणायची आणि ती विसळायची नाही, कारण आत थोडं औषध असतं, पाण्यातला क्लोरीन तिथंच मारायला, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. धातूची तोटी असेल तर स्पिरिटच्या बोळ्यानं जाळून घ्यायची, दोनतीन मिनिटं पाणी सोडून द्यायचं, मग भरायची, वर थोडी हवा ठेवायची. आणि बर्फाच्या डब्यातनं २४ तासांच्या आत पोचवायची. आमच्या इथनं आष्ट्यावरनं सांगली काय लांब नाही, पण शनिवारी भरून सोमवारी नेली तर उपयोग नाही.

रिपोर्ट आला. बोअरचं नायट्रेट लिटरला ६८ मिलीग्रॅम, मर्यादा ४५, आणि त्यात सवलत नाही. टीडीएसला कसं, ५०० पर्यंत चांगलं पण दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, नायट्रेटला तसलं काय नाही. कडकपणा पण ६०० च्या वर. सिंटेक्स आणि आरओच्या नळाला जंतूंमध्ये शेरा, पिण्यास अयोग्य. १०० मिलीमध्ये ई कोलाय एकपण चालत नाही.

नायट्रेटचं नवल नाही, चारी बाजूला ऊस, त्यात युरियाची पोती आणि पाटाचं पाणी, ते मुरून खालीच जाणार. आरओनं नायट्रेट बऱ्यापैकी निघतं हे खरं, मशीनचा खरा उपयोग तेवढाच. पण खिचडी शिजवायच्या मावशी पाणी घेत होत्या थेट बोअरचं, कारण मशीनचं पाणी बारीक धार. एकजण म्हणाला उकळल्यावर काय होतंय. तर उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि उलट वाढतं. आवारातच अंगणवाडी आहे, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला असल्या पाण्यात पावडरचं दूध कालवून दिलं तर बाळ निळं पडू शकतं. हे ऐकल्यावर मीटिंगमधली चेष्टा बंद झाली.

आणि आरओच्या पाण्यात जंतू कसे? मशीन दुरुस्तीवाला पोरगा आला त्यानं सरळ सांगितलं. मशीनमध्ये आधी कार्बनची कांडी असते, ती क्लोरीन काढून टाकते, नाहीतर आतला पडदा खराब होतो. म्हणजे पाणी गाळून बाहेर येतं तेव्हा त्यात राखण करायला काहीच उरत नाही, आणि ते जातं स्टीलच्या टाकीत, जी बसवल्यापासनं कुणी आतनं घासली नव्हती. झाकण उघडलं तर हात लावला की बुळबुळीत. पोरं तोटीला तोंड लावून पिणार, ते वेगळं.

उपाय काय केला तर पिण्याला आणि खिचडीला ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी घेतलं, ते नदीचं असतंय. त्याला स्वतंत्र टाकी, झाकणाला कुलूप. बोअर फक्त संडास आणि झाडांना, तोट्यांना लाल रंग मारला. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आम्ही टाकतो, १००० लिटरला ५ ग्रॅम, पण थेट पावडर ओतायची नाही, बादलीत कालवून वरचं निवळ पाणी टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. पावडर ताजी पाहिजे, उघडी पिशवी ठेवली की तिचा दम जातो. मग ओटी टेस्ट, पाण्यात ओटीच्या औषधाचे दोन थेंब टाकून पिवळं आलं म्हणजे क्लोरीन आहे. लिटरला कमीत कमी ०.२ मिलीग्रॅम लागतो. सातवीची दोन पोरं रोज प्रार्थनेआधी बघून वहीत लिहितात, आणि ती पोरं शिक्षकांपेक्षा कडक आहेत, पिवळं नाही आलं तर घंटा वाजू देत नाहीत. पहिल्या आठवड्यात औषधाचा वास येतोय म्हणून पालकांच्या तक्रारी आल्या, एका आजीनं तर शाळेत येऊन सुनावलं.

आरओचं भांडण अजून चालू आहे. नदीच्या पाण्याला त्याची गरज नाही, दर वर्षी कांड्या आणि पडद्याचा खर्च कुणी करायचा, आणि जेवढं पाणी गाळतं त्याच्यापेक्षा जास्त वाया जातं. देणगीदार म्हणतात, पाटी काढायची नाही. मॅडम म्हणतात पाटी राहू दे, मशीन बंद ठेवू. मधला मार्ग म्हणून कांड्या-पडद्याचे ते पैसे पुढच्या वर्षी टाकी साफ करायला आणि तपासणीला द्या असं मी सुचवलंय, कारण जंतूंची तपासणी वर्षातनं दोनदा आणि रासायनिक एकदा करायचीच आहे. पावसाळ्यानंतरचा नमुना द्यायचा राहिलाय, बाटल्या आणून ठेवल्यात.